पाचव्या टायरची खोळ

भावाने पाचवा टायर घेतला तेव्हा तो ठेवायचा कुठे याचा विचारच त्याने केला नसावा, असं ताईला आधी वाटलं. भावाचं पहिल्यापासून तसंच. आधी वस्तू घ्यायची, मग तिला जागा शोधायची. एकदा कपाट दारातून आत जाईना म्हणून त्याने दाराची चौकट उखडली होती, आणि मग ती परत बसवायला सुतार मिळेना म्हणून महिनाभर घर उघड्यावर पडलं होतं. पण टायरच्या बाबतीत त्याने विचार केला होता. अगदी व्यवस्थित केला होता, आणि ताईला दुखलं ते तेच. गर्दीत चुकून पायावर पाय पडला तर माणूस जाऊ दे म्हणतं. खाली बघून, जागा हेरून दिला तर काय म्हणायचं?

ताई ही त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न राहूनच गेलं, कारण लग्नाच्या वयात तिच्या पदरी हा भाऊ होता, आणि पदरी पोर असलेल्या मुलीच्या वाटेला कोणी फिरकत नाही. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवून तिने त्याला लहानाचा मोठा केला, शिकवला, नोकरीला लावला, त्याचं लग्न लावून दिलं, आणि मग त्याच्याच घरात जिन्याखालच्या खोलीत ती राहायला लागली. घर त्याच्या नावावर, खोली तिच्या सवयीची. काम मात्र तिने सोडलं नव्हतं. गॅरेजांच्या गल्लीत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर तिचं मशीन होतं. तिथे रेक्झिनचा वास डोक्यात बसायचा आणि खडूची धूळ भुवयांवर. रोज संध्याकाळी ती अशी घरी यायची की भाची म्हणायची, "आत्या, तू आज पुन्हा म्हातारी झालीस."

दोघा भावंडांचा जन्म डोंगरावरच्या खाणीच्या वसाहतीतला. वडील खाणीत कामाला. आई तिथेच तापाने गेली. भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता, त्यामुळे त्याला आई आठवत नव्हती, घर आठवत नव्हतं, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ताईला सगळं आठवत होतं आणि ते सांगायला माणूस नव्हतं. खाण बंद पडली, वडील दोघांना घेऊन खाली आले, खचले आणि गेले. वर जाणारा ट्रकचा रस्ता दरडींनी खाऊन टाकला. त्यानंतर ताईने आयुष्यात कोणाकडे फारसं काही मागितलं नाही. एकच गोष्ट ती अधूनमधून बोलून दाखवायची: एकदा वर जायचं. आपल्या घराच्या दारात घटकाभर बसायचं. बस. आणि आता तर घाई होती, कारण कंपनीने डोंगर पुन्हा खोदायला घेतला होता. महिनाअखेर सगळीकडे कुंपण पडणार आणि वसाहत जमीनदोस्त होणार, हे नक्की झालं होतं.

म्हणूनच भावाने ती गाडी घेतली तेव्हा ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. चौकोनी, ठेंगणी, डोंगर चढणारी, मोजून चार माणसांची गाडी. ती घेऊन तो थेट तिच्या दुकानाखाली आला, हॉर्न वाजवून अख्खी गल्ली गोळा केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, ही कशासाठी घेतली माहितेय? तुला वर न्यायला!" खरं म्हणजे ती त्याने ऑफिसातल्या एकाने घेतली म्हणून घेतली होती. पण तोंडाने चांगलं बोलायला पैसे पडत नाहीत, आणि ऐकणाराला तेवढंच पुरतं. ताईने त्या आठवड्यात हातातली सगळी कामं बाजूला सारून गाडीला कव्हरं शिवली. भावाची जागा, भावजयीची जागा, मागे उजवीकडे भाचीची, डावीकडे आपली. आपल्या सीटच्या पाठीत तिने फोमचा एक थर जास्त घातला. तिची कंबर मशीनवर बसून बसून गेलेली होती आणि वरचा रस्ता दगडाधोंड्यांचा. स्वतःसाठी म्हणून तिने काही केलं असेल तर ते एवढंच.

टायरचं वेड नंतर आलं. भावाने अशा गाड्या असणाऱ्यांचा एक ग्रुप गाठला होता. सुट्टीच्या दिवशी चांगला रस्ता सोडून चिखलात जायचं, तिथे रुतायचं, मग एकमेकांना दोर लावून बाहेर काढायचं आणि त्याचे फोटो काढायचे, असा त्या ग्रुपचा उद्योग. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणत. या कॅप्टनने भावाच्या गाडीचे टायर बघून सगळ्यांदेखत म्हटलं, "हे टायर भाजी आणायला ठीक आहेत." झालं. भावाला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मोठे टायर मागवले, जाड, खोल नक्षीचे. ते बसेनात म्हणून नव्या स्प्रिंगा घालून गाडी उचलून घेतली. चाक पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, म्हणून प्लास्टिक कापलं. टायर मोठे झाल्यामुळे वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागला. थोडक्यात, घरात आता गाडीसुद्धा खोटं बोलायला शिकली.

ग्रुपचा एक कडक नियम होता. स्टेपनी चार चाकांच्याच मापाची हवी, नाहीतर गाडी ताफ्यात नाही. त्यात अर्थही होता. चारही चाकं ओढत असताना त्यातलं एक लहान पडलं की आतल्या गिअरचे दात एकमेकांना खातात आणि गाडी डोंगरात बसून राहते. तेव्हा चारावर पाचवा टायर आला. ग्रुपने वसाहतीत जायची परवानगी मिळवली होती, शनिवारी सकाळी निघायचं आणि रविवारी परतायचं. कुंपण पडायच्या आधीची ती शेवटचीच परवानगी.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी भाऊ पोटमाळ्याचा जिना चढून आला.

"ताई, एक काम होतं."

भाऊ असं म्हणाला की ताईचा पाय आपोआप मशीनच्या पेडलवरून खाली यायचा.

"बोल."

"स्टेपनीला एक खोळ शिवून दे. जाड कापडाची. रबराचा वास फार मारतो, आणि ही म्हणते कपडे काळे होतील. शिवाय दोन पट्टे, बकलवाले, घट्ट आवळता येतील असे."

"मागच्या दाराला टांगणार ना? मग कपड्यांचा काय संबंध?"

"दाराला नाही बसत गं ती. आत ठेवायचीय."

"आत कुठे? तुझ्या डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की छत्री हातात धरावी लागते."

"बघू ना ते. तू माप तर घे. टायरवाल्याकडेच आहे अजून," भाऊ म्हणाला, आणि कोणाचा तरी फोन आल्यासारखा घाईने खाली उतरला. फोन वाजलेला नव्हता.

टायरवाला गल्लीच्या तोंडाशीच होता. ताई गेली तेव्हा तो पाचवा टायर रिमवर चढवत होता. ब्रशने साबणाचं पाणी कडेला लावलं, मशीन फिरवलं, पहारीने कड आत दाबली, हवा सोडली. दोनदा धाडकन आवाज झाला आणि टायर रिमवर बसला. चांगला कमरेएवढा उंच. ताईने टेप काढली. घेर घेतला, रुंदी घेतली, खडूने स्वतःच्या मनगटावर आकडे लिहिले.

"पट्टे लांब ठेवा," टायरवाला हात पुसत म्हणाला. "सीटच्या खाली लोखंडी कडी आहे, तिथपर्यंत पोचले पाहिजेत."

"कुठल्या सीटच्या?"

"मागच्या. डावीकडच्या. ती पुढे दुमडायची आणि हा तिथे उभा करायचा. मी साहेबांना टायर मागवायच्या आधीच सांगितलं होतं, तुमचं मागचं दार एवढं वजन पेलणार नाही, बिजागऱ्या सुटतील. वेगळा स्टँड मिळतो, मागवायला पंधरवडा लागतो. छतावर टाकायचा तर गाडी चढावर कलते. नाहीतर मग एक सीट जाणार. ते म्हणाले चालेल, ती सीट रिकामीच आहे."

ताईने टेप गुंडाळली. सुटली, म्हणून पुन्हा गुंडाळली.

"कधी म्हणाले?"

"मागवतानाच. झाला की महिना." मग तिच्या तोंडाकडे बघून तो जरा चाचरला. "तुम्ही जाणार होता का त्यांच्याबरोबर?"

"छे," ताई म्हणाली. "मी कव्हरवाली."

महिना झाला होता आणि स्टँडला पंधरवडा लागत होता. हा हिशेब करायला कोणाला कागद लागत नाही. ताई परत पोटमाळ्यावर आली आणि मशीनसमोर नुसती बसून राहिली. महिनाभर ती घरात काय काय बोलली होती ते तिला एकेक आठवायला लागलं. चालायचे बूट घेतले होते ते भावाला दाखवले होते. घरात सवय व्हावी म्हणून ते घालून ती जिना चढउतार करायची, आणि भाऊ सोफ्यावर बसून हसून म्हणायचा, "ताई, आता तू डोंगर उचलून आणणार!" तेव्हा त्याला माहीत होतं. हसताना माहीत होतं. ताईच्या अंगाची लाही लाही झाली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते काही आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. आडपडदा न ठेवता काढला.

"टायर माझ्या जागेवर बसणार आहे म्हणे."

भावाने घास घेतला तो चावतच राहिला. भावजय पटकन म्हणाली, "ताई, तुम्हाला आम्ही सांगणारच होतो. योग्य वेळ बघत होतो."

"मग आत्ताची वेळ योग्यच आहे. सांगा."

"तसं नाही गं," भाऊ म्हणाला. "तुझ्याच काळजीने म्हणतोय. रस्ता म्हणजे रस्ता नाहीच तो. तुझी कंबर काय, तुझं वय काय. चार तास नुसते दणके बसतात. वर काही झालं तर दवाखाना नाही, फोन लागत नाही. तुझे हाल माझ्याने बघवणार नाहीत."

"टायरची कंबर दुखत नाही, हे खरं आहे."

भाची फिसकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मी नाही जात मग. आत्याला माझ्या जागेवर बसू दे. मला तसंही ते चिखलात उतरून फोटो काढणं नको वाटतं."

ताईने भावाकडे बघितलं. इतका साधा तोडगा ताटापाशी आला होता, फक्त मान हलवायची होती. भावाने बायकोकडे बघितलं.

"काहीतरीच काय," भावजय म्हणाली. "सगळ्यांच्या मुली येतायत. कॅप्टनच्या दोघी येतायत. तिथे सगळे विचारतील, तुमची का नाही आली. आणि ताई काय त्या माणसांत रमणार आहेत?"

"मी माणसांत रमायला जात नव्हते," ताई म्हणाली. "मला माझं घर बघायचं होतं."

"बघशील ना! आम्ही व्हिडिओ काढून आणू," भाऊ म्हणाला. त्याला वाटलं सुटलो. "एकेक कोपरा दाखवतो तुला. मोठ्या टीव्हीवर लावू. इथे आरामात बसून बघ."

ताई यावर भांडली असती. भांडायचं कसं हे तिला येत होतं. गल्लीतल्या गिऱ्हाइकांशी ती उभं आडवं भांडायची. पण ज्याला भरवून वाढवलं त्याच्याशी जागेसाठी भांडायचं म्हणजे तिला कसंसंच झालं. मागून मिळाली असती तरी ती जागा तिला टोचली असती. ती मूग गिळून बसली, आणि हीच तिची चूक. घरातल्या सगळ्यांनी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला, कारण त्यांच्या सोयीचा तोच होता. भावजयीने लगेच तिला आणखी वाढलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने खोळ शिवायला घेतली. वाईट शिवायची असं ठरवूनच घेतली. टाके लांब सोडायचे, कड कच्ची ठेवायची, दुसऱ्या दणक्याला उसवली पाहिजे. पण हाताला तशी सवय नव्हती. मशीन सुरू झालं की हात आपले नेहमीच्या वाटेने जात होते. दुहेरी शिवण पडली, कडेला पायपिंग बसलं, पट्ट्यांच्या टोकाला चौकोन मारून वर फुली मारली गेली. खोळ झाली ती अशी की शोकेसमध्ये ठेवावी. ताईला स्वतःच्या हातांचा राग आला. संध्याकाळी ती खोळ टायरला चढवून भावाने डावी सीट दुमडली, तिचा फोमचा जास्तीचा थर गाडीच्या तळाशी दाबला गेला, आणि टायर तिथे उभा राहिला. पट्टे आवळले. हलून बघितला. जराही हलला नाही.

"ताई, तुझ्या हाताला तोड नाही," भाऊ म्हणाला. मनापासून म्हणाला. हेच त्याचं वाईट होतं, तो सगळं मनापासून म्हणायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला, लहानपणी बसायचा तसा, एक पाय खाली आणि एक पोटाशी घेऊन.

"ताई, आपलं घर ओळखायचं कसं? काहीतरी खूण सांग ना. मला काहीच आठवत नाही गं. तिथे जाऊन भलत्याच घराचे फोटो काढायचो."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांचं घर खालच्या ओळीत होतं, बॉयलरच्या शेडमागे, पत्र्याचं, शेवटून दुसरं. दाराला उंबरा नव्हता, एक सपाट काळा दगड होता. ती डोळे मिटून तिथपर्यंत चालत गेली असती. हे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. याला कशाला द्यायचं? सीट घेतली, महिनाभर हसत घेतली, आता घरही द्यायचं? तिच्याजवळ त्या डोंगरावरचं एवढंच उरलं होतं, आणि ते देऊन टाकलं की ती त्या टायरपेक्षाही रिकामी.

"वरच्या ओळीतलं पहिलं घर," ती म्हणाली. "दगडी. पुढे चार रुंद पायऱ्या आहेत."

"दगडी? आपण एवढे बरे होतो?"

"होतो तेव्हा."

खोटं बोलायला तिला वसाहतीतलं कुठलंही घर चाललं असतं. तोंडात आलं ते हजेरीबाबूचं. हजेरीबाबू म्हणजे कामगारांची हजेरी लावणारा माणूस, सगळी वसाहत त्याला टरकून असायची. त्या घराचं नाव ताईने वर्षानुवर्षं उच्चारलं नव्हतं. आता तिने त्याच्या पायऱ्यांसकट सगळं वर्णन केलं, खिडक्या किती, झाड कुठे, आणि भावाने ते फोनमध्ये बोलून साठवून घेतलं. जाताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू ग्रेट आहेस ताई. दुसरी कोणी असती तर रुसून बसली असती."

सकाळी गाडी गेली. ताईने दारात उभं राहून हात हलवला. मागच्या काचेतून भाची दिसली आणि तिच्या शेजारी खोळ घातलेला तो गोल, सरळ बसलेला. शनिवारभर ताईला एक प्रकारचं बरं वाटत होतं. कडवट, पण बरं. जा, हजेरीबाबूच्या दारात जाऊन पोझ द्या. तो फोटो दिवाणखान्यात लावा, पाहुण्यांना दाखवा, आणि मी इथे बसून मनातल्या मनात हसेन. म्हातारपणी एवढी करमणूक पुरे. रविवारी मात्र तिला काही सुचेना. चार वेळा फडकं मारून झालं तरी ती फडकं मारतच होती.

ते आले रविवारी दुपारी उशिरा. गाडी चिखलाने माखलेली, भाऊ उन्हाने लाल. भाची आधी उतरली आणि मान चोळत म्हणाली, "आत्या, तो टायर वळणावर सगळा माझ्या अंगावर! आम्ही त्याचं नाव आत्याच ठेवलं होतं. 'आत्या, नीट बस. आत्या, झोप लागली का?' पप्पा तर इतके हसत होते की एकदा गाडी थांबवावी लागली." ती पोर प्रेमानेच सांगत होती. ताईही हसली. न हसून करते काय?

"लागली का स्टेपनी?" तिने भावजयीला विचारलं.

"नाही हो. एकदाही नाही. पण असलेली बरी."

चहा झाला, फोन फिरला. फोटोंत भाऊ होता, पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर भावजय आणि भाची होत्या. ताई फोटोंत मागे बघत होती. खालच्या ओळीचं काहीतरी दिसेल, एखादा पत्रा, बॉयलरच्या शेडचा कोपरा. पण प्रत्येक फोटोत नेमकी तिकडच्या बाजूला गाडी उभी होती. उंच केलेली.

"गाडी नसलेला एखादा नाही का?"

"गाडी नसलेला कशाला काढेन?" भाऊ म्हणाला. मग त्याने फोन खाली ठेवला. भावजय भांडी उचलून आत गेली होती, भाची अंघोळीला. तो ताईच्या जवळ सरकला, आणि तिला दिसलं की त्याचे डोळे भरलेत.

"ताई, एक सांगू? तू हसशील."

"नाही हसणार."

"सगळे पुढे गेले होते. मी एकटाच त्या पायऱ्यांवर बसलो. आणि ताई, मला आई आठवली."

ताई त्याच्याकडे वळून बसली.

"खरं सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा. चेहरा नाही गं, चेहरा नाही दिसला. पण मी तिच्या मांडीवर होतो, त्याच पायरीवर. तिचा हात माझ्या पोटावर होता. गरम होता हात, खूप गरम. मला तो नकोसा होत होता आणि मी काढत होतो, ती परत ठेवत होती. आणि समोर एक हिरवी जीप उभी होती." त्याने बाहीने नाक पुसलं. "हे मी बनवतोय का गं? की असं होतं खरंच?"

तसंच होतं. आईला ताप चढून तिसरा दिवस होता, आणि खाली दवाखान्यात नेईल अशी एकच गाडी वसाहतीत होती, हजेरीबाबूची. ताई आईला धरून धरून तिथे घेऊन गेली. आई त्या पायरीवर बसली, भावाला मांडीवर घेऊन, सकाळपासून दुपारपर्यंत. ताई शेजारी उभी होती. समोर जीप भरत होते. हजेरीबाबूच्या मेव्हण्याचं लग्न होतं आणि त्याच्यासाठी एक नवं टेबल खाली जायचं होतं. ते मागच्या सीटवर आडवं घालून बांधलं, हलून बघितलं, आणि हजेरीबाबू आईला म्हणाला, जागा नाही, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेपर्यंत आई राहिली नाही. हे ताईने भावाला कधीच सांगितलं नव्हतं, वडिलांनीही नाही. लहान पोराच्या डोक्यात असलं काही भरायचं नाही, असं त्या दोघांचं न बोलता ठरलं होतं.

सूड म्हणून तिने त्याला भलत्याच दारात पाठवला होता, आणि त्याच्या वाट्याची तेवढीच आई नेमकी त्याच दारात बसलेली होती. आता ते दार कोणाचं हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. आपण खोटं बोललो तेही, आणि आईला जागा मिळाली नाही तेही. टेबल बांधलेलं सांगितलं की तो टायर आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ताईला वाटलं, आठवू दे, मेल्याला चांगलं आठवू दे. तिने तोंड उघडलं. भाऊ तिच्याकडे तीन वर्षांच्या पोरासारखा बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातात आईचं काहीतरी आलं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरून तो बसला होता.

"बनवत नाहीयेस," ताई म्हणाली. "असंच होतं."

"आणि ती जीप? ती आपली होती?"

ताईने त्याच्या केसांतला वाळलेला चिखल नखाने काढला.

"हो. आपलीच."

भावाचा चेहरा असा उजळला की तिला तो बघवेना. "तरीच!" तो म्हणाला. "तरीच मला गाड्यांचं एवढं वेड! रक्तातच आहे ते!" त्याने आत हाक मारून बायकोला सांगितलं, ऐकलंस का, आमच्याकडे तेव्हासुद्धा जीप होती. मग पुन्हा ताईकडे वळून त्याने हळूच विचारलं,

"आई बसायची तिच्यात?"

"बसायची ना," ताई म्हणाली. "मागच्या सीटवर."